रिकाम्या रस्त्यांतली बाई

आईचा एक चांगला फोटो द्या, एवढंच मुलीने मागितलं होतं. दुसऱ्या कुठल्याही घरात ही मागणी कपाट उघडून लगेच पुरी झाली असती. पण हे घर पडलं फोटोग्राफरचं. तिथे भिंतीभिंतीवर फोटो होते, पलंगाखाली फोटो होते, बाथरूमची डार्करूम झालेली होती आणि अंघोळ करायची तर आधी रसायनांचे ट्रे उचलून बाहेर ठेवावे लागत. एवढं सगळं असून बायकोचा धड एक फोटो त्या घरात नव्हता.

म्हणजे अगदीच नव्हता असंही नाही. लग्नाच्या ग्रुप फोटोत ती होती, पण तिथे कोणाच्या तरी काकांचा खांदा नेमका मध्ये आलेला. ओळखपत्रावर एक होता. त्यात ती पोलिसांनी धरून आणल्यासारखी दिसत होती. आणि मुलीच्या मोबाइलमध्ये शेवटच्या वर्षातले ढीगभर होते. औषधांनी सुजलेला चेहरा, उशीला टेकलेली मान, समोर मोबाइल दिसला म्हणून ओढूनताणून आणलेलं हसू.

“ही आई नाही,” मुलगी म्हणाली. “म्हणजे आईच आहे, पण मला ही नकोय, बाबा. माझ्या पोरीच्या लक्षात हीच आजी राहील. आजारी नसलेली आई हवीय मला.”

“बघतो,” तो म्हणाला.

मुलगी दातांची डॉक्टर. दिवसभर परक्या माणसांना तोंड उघडायला लावायची, पण बापाचं तोंड उघडणं तिला कधी जमलं नाही. त्याचं सगळं ‘बघतो’वर संपायचं. या खेपेला मात्र तो खरंच बघायला बसला. कारण मुलगी गेल्यावर त्याने डोळे मिटून बायकोचा चेहरा आठवून पाहिला, तर त्याला तो सुजलेलाच आठवला. आधीचा काही केल्या येईना. जन्मभर बघण्यावर पोट भरलेला माणूस तो, आणि डोळ्यांनी त्याला नेमका इथे दगा दिला होता.

त्याचं काम काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तो शहराचे फोटो काढायचा, काळेपांढरे, आणि त्या शहरात औषधालासुद्धा माणूस नसे. भर दुपारचा चौक, पण चिटपाखरू नाही. बाजारातली लांबलचक गल्ली, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसते दगड आणि सावल्या. बघणाऱ्यांना वाटे, हा पहाटे उठून जात असेल, किंवा कोणाला चिरीमिरी देऊन रस्ता बंद करवून घेत असेल. तसलं काही नव्हतं. तो चांगल्या गर्दीच्या वेळी कॅमेरा स्टँडवर चढवायचा, लेन्सवर इतकी काळी काच बसवायचा की आत उजेड अगदी थेंबाथेंबाने जावा, आणि शटर चार-चार, पाच-पाच मिनिटं उघडं ठेवायचा. भिंती, खांब, पायऱ्या जागच्या हलत नाहीत. त्या फिल्मवर उमटतात. चालतं माणूस एका जागी इतका थोडा वेळ असतं की त्याचा मागमूस राहत नाही. हजार माणसं समोरून जातात आणि फोटोत एकही नसतं. धंद्यातले लोक त्याला ‘झाडूवाला’ म्हणायचे, रस्ता असा लख्ख करतो म्हणून.

यात एकच गोची होती. चालणारा पुसला जातो, थांबणारा जात नाही. कोणी खांबाला टेकून पेपर वाचत बसला, कोणी बुटाची नाडी बांधायला वाकला आणि तिथेच गप्पांत रमला, की त्या जागी राखाडी डाग पडायचा आणि निगेटिव्ह वाया जायची. म्हणून बायको. शटर उघडलं की ती समोरच्या गर्दीत शिरायची आणि थांबलेल्यांना हलवायची.

तिची त्यात हातोटी होती. ‘बाजूला व्हा’ असं तिने कधी कोणाला म्हटलं नाही. तसं म्हटलं की माणूस मुद्दाम पाय रोवून उभा राहतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती पत्ता विचारायची. विचारता विचारता आपण चालत राहायची, म्हणजे सांगणाराही बोलत बोलत तिच्याबरोबर चौकटीच्या बाहेर. पत्ता सुचला नाही तर स्वतःच्याच घराचा विचारायची. एकदा एका सभ्य आजोबांनी तिला थेट तिच्या दारापर्यंत आणून सोडलं. मग काय करता, तिने त्यांना आत बोलावून चहा पाजला, आणि इकडे नवरा चौकात ताटकळत बसला. “झाडू मी मारते आणि नाव यांचं होतं,” असं ती चारचौघांत म्हणायची. सगळे हसायचे. तोही हसायचा.

ती स्वतः अर्थातच थांबत नसे. इकडून तिकडे, तिकडून इकडे, शटर बंद होईपर्यंत तिच्या येरझाऱ्या चालू. त्यामुळे त्याचे सगळे फोटो जमेस धरले तर ती प्रत्येकात होती आणि एकातही नव्हती.

“माझा एक काढा की हो कधीतरी,” ती लग्नानंतर सुरुवातीला म्हणायची.

“मी माणसांचे फोटो काढत नाही,” तो म्हणायचा. मुलाखती घेणाऱ्यांनाही तो हेच सांगायचा आणि तिथे ते मोठं भारदस्त वाटायचं. घरात, हातात भाजीची पिशवी घेऊन उभ्या असलेल्या बायकोला ते कसं लागत असेल, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही. पुढे तिने विचारणं सोडून दिलं.

तर आता तो तिला शोधायला बसला. निगेटिव्हच्या पेट्या नाहीतरी खाली काढलेल्याच होत्या, कारण गॅलरीवाल्या बाईंनी त्याच्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं होतं. त्याने आधी नावाजलेल्या फोटोंच्या निगेटिव्ह दिव्याच्या काचेवर ठेवून भिंगाखाली घातल्या. कुठे एखादी सावली, साडीचा नाहीतर स्वेटरचा एखादा काठ राहिला असेल. काही नाही. दोघांनी काम इतकं चोख केलेलं की नखाएवढी चूक सापडेना. ज्या सफाईचा त्याने आयुष्यभर तोरा मिरवला, तिलाच तो आता शिव्या घालू लागला.

मग त्याला वाया गेलेल्या निगेटिव्ह आठवल्या. त्याच्याने काही टाकवत नसे. डाग पडलेल्यासुद्धा त्याने एका बुटाच्या खोक्यात जपून ठेवल्या होत्या. माळ्यावरून खोकं उतरवलं, त्यावरची धूळ झटकली, आणि चौथ्या-पाचव्या निगेटिव्हवरच त्याचा हात थबकला. पादचारी पुलाचा जिना. कठड्यापाशी एक डाग. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं दिसतं, फिकट ते काळं आणि काळं ते फिकट. पण ती मान जराशी डावीकडे कललेली, तो खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा, ते अंगावर कायम ढगळ होणारं स्वेटर. त्याने भिंग खाली ठेवलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

“सापडलीस!” तो रिकाम्या घरात मोठ्याने ओरडला.

त्याच दिवशी त्याने प्रिंट काढली. लाल दिव्याखाली पाण्यासारख्या त्या रसायनात कोरा कागद हलत होता. आधी पायऱ्या आल्या, मग कठडा, मग हळूहळू ती आली. अंगातून पाठीमागची भिंत दिसत होती, पाय तर नव्हतेच, पण चेहरा होता. डोळे-नाक वेगळं सांगता येत नव्हतं, तरी कपाळ, कानाजवळचे केस, गालाची ठेवण, आणि हा सुजलेला गाल नव्हता. तो खरोखर आनंदला. ओल्या हातानेच त्याने मुलीला फोन लावला. “सापडली,” म्हणाला. “रविवारी ये.” तो पूर्ण दिवस त्याने शीळ घालत काढला, आणि शीळ त्याला येत नव्हती.

तिथेच थांबला असता तर बरं झालं असतं. पण एक मिळाल्यावर त्याला हाव सुटली. खोकं तळापर्यंत उपसलं, तेव्हा आणखी निघाल्या. बाजाराच्या भिंतीजवळ ती. नदीकाठच्या रेलिंगपाशी ती. मोठ्या इमारतीच्या कमानीखाली ती. त्याने सगळ्यांच्या प्रिंट काढल्या आणि कपड्यांचे चिमटे लावून डार्करूमच्या दोरीवर वाळत टाकल्या. आयुष्यभराची सवय म्हणून जुन्या आधी, नव्या नंतर, अशा ओळीने लावल्या. आणि मागे सरून ती ओळ पाहिली, तसा त्याचा आनंद मावळला.

पहिल्या फोटोत ती विरळ होती, धुक्यासारखी. दुसऱ्यात जरा दाट. पुढे पुढे आणखी दाट. शेवटच्यात, कमानीखाली, ती जवळजवळ दगडाच्या खांबाइतकी भरीव दिसत होती. डाग किती दाट आहे यावरून माणूस तिथे किती वेळ थांबला हे सांगणं म्हणजे त्याच्या हातचा मळ. पुलावर ती थोडाच वेळ थांबली होती. कमानीखाली ती शटर उघडल्यापासून मिटेपर्यंत हललीच नव्हती. आणि प्रत्येक फोटोत तिचा हात कशाला तरी धरून होता. कठडा, भिंत, रेलिंग, खांब.

आता त्याला सगळं आठवलं. चेहरा आठवत नव्हता, पण बोलणं शब्दन् शब्द आठवलं.

“थांबलीस का मध्येच?” पुलावर त्याने विचारलं होतं.

“जरा दम लागला हो.”

“दम लागायला काय डोंगर चढत होतीस? चार मिनिटं चालवत नाही?”

त्यानंतर तिने दमाचं नाव काढलं नाही. चप्पल टोचत होती, ओळखीचं कोणी भेटलं, पिशवी निसटली; दर वेळी नवीन सबब. तो दर वेळी चिडायचा, कारण उजेड परत मिळत नाही, फिल्म महाग, आणि हिचं आताशा लक्षच नसतं. कमानीच्या दिवशी त्याने घरी येऊन तोडून सांगितलं. “तुझं मन लागत नाही यात आता. तू आपली घरीच थांब.”

“बरं,” ती म्हणाली होती. त्याला वाटलं, रुसली. येईल ताळ्यावर.

त्यालाही दोन वर्षं झाल्यावर डॉक्टरांनी तिच्या हृदयाचे ठोके ऐकले, कागद पाहिले आणि विचारलं, “हे बरंच जुनं दिसतंय. आधी काहीच जाणवलं नाही?” दोघांनीही मान हलवली होती, नाही म्हणून. त्याने खरोखरच नाही म्हणून हलवली होती. तिने कशासाठी हलवली, ते त्याला आज कळलं.

आणि अजून एक गोष्ट होती. ओळीतल्या प्रत्येक फोटोत तिचा चेहरा समोर होता. दम लागलेलं माणूस खाली बघतं, डोळे मिटतं, कुठेही बघतं. ती कॅमेऱ्याकडे बघत होती. कॅमेऱ्याकडे कशाला बघेल, कॅमेऱ्याशेजारी तो उभा होता. हात वर करून हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर. पण हाक मारली तर ह्यांचं काम बिघडेल, म्हणून ती त्याने मान वर करण्याची वाट बघत उभी होती. आणि त्या सगळ्या वेळात त्याला दुसरं काही कामही नव्हतं. शटर उघडल्यावर फोटोग्राफरला करायला काही उरत नाही. तो हातातल्या घड्याळाचा काटा बघत होता.

पालथ्या बादलीवर बसून तो रडला. म्हाताऱ्या माणसाने रडावं तसं बेताने नाही, चांगला हुंदके देऊन, नाक गळेपर्यंत.

रविवारी मुलगी आली. त्याने तिला डार्करूमच्या दारात उभं केलं आणि दिवा लावला. ती हसत पुढे झाली, पहिला फोटो पाहिला, “अगंबाई, आईचं स्वेटर,” म्हणाली, आणि मग ओळीने पुढे जाता जाता गप्प होत गेली. दातांची असली तरी डॉक्टरच ती. शेवटच्या फोटोशी ती बराच वेळ उभी राहिली.

“कधीचे आहेत हे?”

त्याने सांगितलं.

“तुम्हाला माहीत होतं?”

“नाही.”

“आणि आईला?”

“तिला असेल.”

“मग बोलली का नाही ती!”

“बोलली होती,” तो म्हणाला. “पहिल्यांदा बोलली होती.”

पुढचं तिने विचारलं नाही आणि त्याला सांगावं लागलं नाही. बापाला ती ओळखून होती. तिने पर्स उचलली, पुन्हा ठेवली, पुन्हा उचलली. “मी आजारी नसलेली आई मागितली होती, बाबा,” ती म्हणाली. “तुम्ही मला तिचं दुखणंच काढून दिलंत. तेही आम्हाला कळायच्या आधीपासूनचं.” तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर त्याला सोसलं असतं. एकही फोटो न घेता ती गेली.

दुसऱ्या दिवशी गॅलरीवाल्या बाई प्रिंट निवडायला आल्या. त्या कामाच्या बाई होत्या, मनाने वाईट नव्हत्या. दोरीवरची ओळ पाहून त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. “हे तुम्ही लपवून ठेवलं होतं? सर, तुमच्या सगळ्या कामात हे एकच माणूस आहे! हे मध्यभागी लावायचं. सगळी भिंत याला देऊ. बघणारे वेडे होतील.”

“ती माझी बायको आहे,” तो म्हणाला, “आणि तिला बरं वाटत नाहीये.” एवढं बोलून त्याने एकेक चिमटा काढून सगळे फोटो खाली घेतले. बाईंनी दुसरा विषय काढला.

प्रदर्शन ठरल्या दिवशी उघडलं. पांढऱ्या भिंती, चांगला उजेड, सरबताचे ग्लास, आणि एकेका फोटोसमोर डोकं एका बाजूला कलवून उभी असलेली माणसं. “काय शांतता आहे हो! शहर इतकं शांत असतं हे आपल्याला कळतच नाही,” असं कोणीतरी कोणाला तरी म्हणालं. एरवी अशा वेळी झाडूवाला कोपरा धरून उभा राहायचा आणि लोक निघून जायची वाट बघायचा. त्या दिवशी तो कोपऱ्यातून बाहेर आला.

“यात माझी बायको आहे,” त्याने एका जोडप्याला सांगितलं.

त्यांनी वाकून पाहिलं. “कुठे?”

“या दिव्यापासून त्या दुकानाच्या फळीपर्यंत. सारखी ये-जा करत होती. इथे दोन कॉलेजातली पोरं भांडत उभी होती. त्यांना हलवायला गेली ती त्यांची दिलजमाई करूनच आली.”

जोडप्याने एकमेकांकडे पाहिलं. पण तो पुढच्या फोटोकडे सरकला होता. “या गल्लीत तिच्या मागे कुत्रं लागलं होतं. ते पण फोटोत नाही आलं. आणि हा बाजार, इथे एक बाई टोपली डोक्यावरून उतरवून बसली होती, उठायलाच तयार नाही. मग हिने टोपली स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि निघाली तरातरा. बाई ओरडत मागे. माझा रस्ता मोकळा!” तो हसला. हे त्याने पाहिलेलं नव्हतं. घरी परतताना ती सांगायची, हातवारे करून, सगळ्यांचे आवाज काढून. तो ऐकतोय असं तिला वाटत नसेल. त्यालाही वाटलं नव्हतं. पण ऐकलेलं कुठेतरी राहिलं होतं आणि आता बाहेर पडत होतं. काही जण पुढे सरकले, काही त्याच्याभोवती गोळा झाले. गॅलरीवाल्या बाई लांबून काळजीने बघत होत्या.

आपल्यामागे मुलगी येऊन उभी आहे, हे त्याला बऱ्याच वेळाने कळलं. किती वेळ ऐकत होती कोण जाणे. तिचे डोळे भरलेले होते आणि ती हसतही होती. टोपलीवाली गोष्ट तिने ऐकली असावी. ती पुढे आली. तिने वडिलांचा दंड धरला आणि लहानपणी गोष्ट ऐकताना म्हणायची तसं म्हणाली, “आणि यात?”

समोर सगळ्यात मोठी प्रिंट होती. रुंद चौक, चार बाजूंना उंच इमारती, आणि ओल्या फरशीवर उतरलेला उजेड. याच फोटोने त्याचं नाव झालं होतं, निमंत्रणावरही हाच छापला होता. त्याने पाहिलं. त्या दिवसाचं त्याला सगळं आठवत होतं. ढग कुठून येत होते, वारा कधी पडला, कुठली काच लावली होती, शटर मिटलं तेव्हा अंगावर काटा कसा आला. घरी परत जातानाही तो तेच मनात घोळवत होता. ती शेजारून चालत होती आणि काहीतरी सांगत होती. काय सांगत होती?

“बाबा?”

“होती,” तो म्हणाला. “यात होती. नक्की होती.”

“कुठे?”

त्याने बोट वर केलं. बोट चौकाच्या या कडेला गेलं, तिथून त्या कडेला गेलं, मधल्या ओल्या फरशीवरून फिरलं आणि कुठेच टेकेना.

“मला माहीत नाही गं,” तो म्हणाला. मुलीने त्याचा हात धरून हळूच खाली घेतला.